झाली किती, राहिली किती : इनामगावच्या दफनकुंभांविषयी

जालन्याहून भोकरदनकडे जाताना वाटेत केदारखेडा लागते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून पुढे परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळणारी पूर्णा येथून वाहते. पावसाळ्यानंतर नदीचा काठ खचला की मातीच्या कापात खापरे दिसू लागतात. ती कोणत्या काळातली हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि गावकऱ्यांना ठरवण्याची गरजही वाटत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला जमिनीतून खापर निघण्याचे नवल नसते. गावाची ‘पांढर’ आणि शेताची ‘काळी’ हा भेद आपल्या भाषेने फार पूर्वी केला आहे. जेथे माणसे पिढ्यानपिढ्या राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, तेथली माती राखेने व चुन्याने पांढरी होते. ही पांढरीची माती धाब्याच्या घरांवर टाकायला उत्तम, आणि शेतात खत म्हणूनही चांगली. म्हणून गाड्यांनी ती वाहून नेण्याची रीत जुनी आहे. तिच्याबरोबर किती इतिहास शेतात पसरला गेला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

केदारखेड्याच्या तालुक्याचे गाव भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहुत व सांची येथील स्तूपांवरच्या दानलेखांत या गावच्या दात्यांचा उल्लेख येतो. केळणा नदीच्या काठी १९७३ साली शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आले. येथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे, इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली मिळालेल्या प्रतिमेशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराशी मराठवाड्यातल्या एका गावाचा असा संबंध जोडला जातो, तेव्हा आपली छाती फुगते. मात्र आम्हांला या लेखात हस्तिदंताविषयी लिहायचे नाही. त्याहून सुमारे हजार वर्षे जुन्या आणि दिसायला अगदी सामान्य अशा मातीच्या भांड्यांविषयी लिहायचे आहे. ती भांडी थडग्यांत सापडली, आणि त्यांतल्या बहुसंख्य थडग्यांत लहान मुले होती.

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगाचा शोध ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मोठी घटना आहे. १९५०-५१ साली संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे मिळालेल्या भांड्यांवरून पुढे एका संपूर्ण संस्कृतीलाच ‘जोर्वे’ हे नाव मिळाले. ही भांडी चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, तांबूस रंगाची आणि काळ्या रेघांच्या नक्षीची आहेत. बोटाने टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. कंगोरा असलेले वाडगे, उंच गळ्याचे रांजण आणि बाजूला तोटी असलेले तांबे हे त्यांतले प्रमुख आकार. त्यानंतर प्रवरेकाठचे नेवासे, दायमाबाद, भीमेच्या खोऱ्यातील चांडोली अशी एकामागून एक स्थळे खणली गेली. या सर्वांत विस्तृत काम झाले ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावला. डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. अहवाल १९८८ साली प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने येथे उघडकीस आली. एका खेड्याचे इतके तपशीलवार चरित्र भारतात फार थोड्या ठिकाणी उपलब्ध आहे.

या खेड्यात मूल दगावले की त्याला गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीतच खड्डा खणीत. जाडसर, बहुधा हाताने घडवलेली राखी रंगाची दोन मोठी मडकी घेत. ती आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवीत आणि त्यांच्यात मूल असे. डोक्याकडचा भाग एका मडक्यात, कमरेकडचा दुसऱ्यात. जवळ एखादा तोटीचा तांबा आणि एखादा वाडगा ठेवीत, आणि तो मात्र चांगल्या रंगवलेल्या जोर्वे घडणीचा असे. मग खड्डा बुजवून जमीन पुन्हा सारवून घेत, आणि त्याच जमिनीवर संसार पुढे चाले. मोठ्या माणसांना बहुधा उताणे, उत्तरेकडे डोके करून पुरीत. परंतु त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्याने उठून चालत जाऊ नये, भूत होऊन भटकू नये, अशी समजूत यामागे असावी असे ढवळीकरांनी सुचवले आहे.

आता प्रश्न असा की, हे सारे वाचायचे कसे? साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न परका वाटू नये. आपल्यापुढे एक संहिता आहे. फक्त तिच्यात शब्द नाही.

तुलनेसाठी दोन उदाहरणे घेऊ. दक्षिण अमेरिकेत, अँडीज पर्वत आणि प्रशांत महासागर यांच्या मधल्या वाळवंटी पट्टीत, आजच्या पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान मोचे नावाची संस्कृती नांदली. तिच्याकडे लिपी नव्हती. पण तिची थडग्यांतली भांडी इतकी बोलकी आहेत की लिपीची उणीव भासू नये. मुठीत धरता येईल अशी कमानदार पोकळ कडी आणि तिच्यातून निघालेली तोटी, आणि खाली माणसाचा चेहरा : कोणी सरदार, कोणी आंधळा, कोणी रोगाने ओठ झडलेला. काही चेहरे एकाच व्यक्तीचे, वेगवेगळ्या वयांतले आहेत असे अभ्यासक मानतात. १९८७ साली सिपान येथे वॉल्टर अल्वा यांनी जे राजेशाही थडगे उघडले, त्यात हजाराहून अधिक भांडी होती. त्या थडग्याचा पत्ता प्रथम लागला तो मात्र चोरांमुळे. शेजारचे थडगे त्यांनी आधीच लुटले होते. अँडीजमधील थडगी लुटण्याचा धंदा स्पॅनिश राजवटीपासून चालत आला आहे. जगभरच्या संग्रहालयांतून दिमाखाने उभी असलेली अनेक मोचे भांडी अशाच मार्गाने तेथे पोहोचली. त्यांचा चेहरा शाबूत आहे, पण ती कोणाच्या उशाशी होती, शेजारी काय होते, हे कायमचे पुसले गेले आहे. एखाद्या कवितेतून ओळ फाडून सुभाषितसंग्रहात घालावी, तशी ही अवस्था आहे.

दुसरे उदाहरण घराजवळचे. तमिळनाडूत ताम्रपर्णीच्या काठी आदिचनल्लूर येथे मोठमोठे दफनकुंभ शेकड्यांनी मिळाले आहेत. तमिळ भाषेचे भाग्य असे की त्या कुंभांची आठवण तिच्या प्राचीन काव्यात टिकून आहे. संगमसाहित्यातील ‘पुरनानूरु’ या संग्रहात एक कविता विधवेच्या तोंडी आहे. ती कुंभाराला विनवते की नवऱ्यासाठी घडवायचा कुंभ असा प्रशस्त कर की मीही त्यात मावेन. दुसऱ्या एका कवितेत चोळ राजाच्या कीर्तीला पुरेल एवढा कुंभ तू कसा घडवणार, असे कवी कुंभारालाच विचारतो. तेथे कुंभ आहे आणि कुंभाविषयी बोलणारा शब्दही आहे.

इनामगावला यांतले काहीच नाही. मडक्यावर चेहरा नाही. मडक्याविषयी कविता नाही. त्या लोकांची भाषा कोणती होती याचा एक अक्षराचाही पुरावा उरलेला नाही. उरली आहे ती केवळ मांडणी : दोन मडकी, तोंडाला तोंड, घराच्या आत, जमिनीखाली. म्हणून येथे वाचकाची कसोटी अधिक कडक लागते, आणि चुकण्याची शक्यताही अधिक असते.

पहिला मोह प्रतीकाचा. तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी म्हणजे गर्भाशय, आणि त्यात परत ठेवलेले मूल म्हणजे पुनर्जन्माची आशा, असा अर्थ चटकन सुचतो. तो निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. इनामगावलाच एका घरात जमिनीखाली मातीची झाकणाची डबी मिळाली. तिच्यात एक स्त्रीमूर्ती होती आणि डबीवर मस्तक नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. काडी घातली की ती बैलावर स्वार होते. एका पाच दालनांच्या घराच्या अंगणात तर याहून विलक्षण दफन मिळाले. चार पायांचा, फुगीर पोटाचा, न भाजलेल्या मातीचा मोठा रांजण, आणि त्यात गुडघे मुडपून बसलेला सुमारे चाळिशीचा पुरुष. त्याचे पाय तोडलेले नव्हते. तो गावचा प्रमुख असावा असा उत्खननकर्त्यांचा तर्क आहे. त्या रांजणाच्या पोटाचा घाट पाहून स्त्रीदेहाची आठवण झाली तर ती अगदीच वावगी म्हणता येणार नाही. पुढच्या काळात आश्वलायन गृह्यसूत्रात अस्थिसंचयनाच्या विधीत पुरुषाच्या अस्थी ‘कुंभा’त आणि स्त्रीच्या अस्थी ‘कुंभी’त ठेवण्याचे विधान आहे, म्हणजे भांड्याला देह मानण्याची, त्याला लिंग देण्याची कल्पना आपल्या परंपरेत रुजलेली होती. आजही मराठीत भांड्याला तोंड, गळा, पोट आणि बूड असतेच.

तरीही या अर्थावर आम्हांला थांबावेसे वाटत नाही. कारण प्रतीकाचा अर्थ लागला की वाचक समाधान पावतो आणि वस्तूकडे पाहणे सोडून देतो. ही मडकी प्रथम मडकी होती. धान्य साठवायची, पाणी भरायची, घरात रोज हाताळली जाणारी. मोचे सरदाराच्या चेहऱ्याचे भांडे आणि हे राखी मडके यांतला भेद केवळ कलागुणाचा नाही. एक लोकांना दाखवण्यासाठी होते; दुसरे घरात हाताशी होते म्हणून उपयोगात आणले गेले. आणि त्याच वेळी, सोबतीला ठेवलेला तोटीचा तांबा मात्र घरातल्या उत्तम भांड्यांपैकी होता, हे विसरता येत नाही. अंथरूण साधे, पण उशाशी ठेवलेले पाणी चांगल्या भांड्यातले. एवढेच वाक्य त्या मांडणीत स्पष्ट वाचता येते.

दुसरा मोह याच्या उलटा आहे. फ्रेंच इतिहासकार फिलिप आरिएस यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, बालपण ही कल्पनाच अर्वाचीन आहे. जेथे मुले सर्रास दगावत, तेथे आईबाप त्यांच्यात फार जीव गुंतवीत नसत. या मतावर पुढे पुष्कळ टीका झाली, पण त्याचा एक कठोर पडसाद आपल्या मनात असतोच. मरणे नेहमीचे होते, म्हणजे दुःखही कमी असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. इनामगावला मरणे नेहमीचे होते यात शंका नाही. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी येथल्या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास केला. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद आणि इनामगाव येथील मुलांच्या हाडांवर काम करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर, मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना मिळाल्या. याच काळात इनामगावची चौकोनी ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. ढवळीकरांनी या ऱ्हासाचे कारण अवर्षणात शोधले होते. केवळ पावसाकडे बोट दाखवून हा ऱ्हास उलगडत नाही, असे शुग यांचे प्रतिपादन आहे. कारण काहीही असो, परिणाम त्या मडक्यांत आहे : उपाशी वाढलेली, किंवा वाढूच न शकलेली मुले.

मग दुःखाचे काय? हाडात दुःख उमटत नाही. परंतु नेवाशाच्या एका बालकाच्या दफनात गळ्याभोवती तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजामुळे मण्यांच्या आतला दोरा थोडासा टिकला होता. तपासणीत त्यात रेशमाचा आणि कापसाचा तंतू आढळला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, जेव्हा तांबे दुर्मीळ होते आणि रोजचे काम दगडी पात्यांवर भागवले जाई, तेव्हा कोणीतरी त्या मुलाच्या गळ्यात तांबे आणि रेशीम तसेच राहू दिले. ती माळ काढून घेता आली असती. पाठच्या भावंडाला उपयोगी पडली असती. ती काढली नाही. यापलीकडे जाऊन ‘आईने हंबरडा फोडला’ असे लिहिणे हे कादंबरीकाराचे काम आहे, आणि ते त्याने खुशाल करावे. इतिहासाला एवढेच म्हणता येते की, माळ काढली नाही. आम्हांला वाटते, तेवढेही पुष्कळ आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी गोरोबाकाकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेर हे त्यांचे गाव, आणि तेर म्हणजे प्राचीन तगर. भोकरदनसारखीच हस्तिदंती प्रतिमा तेथेही मिळाली आहे. विठ्ठलाच्या नामात रंगून माती तुडवताना स्वतःचे रांगते मूल चिखलात तुडवले गेले, ही कथा आपण भक्तीच्या पराकाष्ठेची कथा म्हणून ऐकत आलो. पण ती कुंभाराची कथाही आहे. मूल मातीत मिळणे हे ज्या समाजात रोजचे होते, तिथेच ती सुचू शकते. गोरोबांच्या नावावर दुसरीही कथा आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके थोपटले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. माणूस म्हणजे मडके, जगणे म्हणजे भाजले जाणे, हे रूपक मराठी मनात इतके मुरलेले आहे की इनामगावचा तो न भाजलेल्या मातीचा रांजण पाहताना आपण आपोआप त्याचा आधार घेतो. तो घ्यावा, फक्त गोरोबा आणि इनामगाव यांच्यात दोन हजार वर्षांचे अंतर आहे आणि मधला दुवा सिद्ध झालेला नाही, याचे भान सुटू नये. साम्य म्हणजे वारसा नव्हे. मडके हे माणसाच्या हाताने घडलेले, पोकळ आणि फुटणारे असते. एवढ्यावरून जगात कोठेही, कोणालाही तेच सुचू शकते.

पण एक गोष्ट रूपकाची नाही, रीतीची आहे. दहनाची प्रथा सर्वत्र रूढ झाल्यावरही, दात न आलेल्या मुलाला आपल्याकडे पुरतात. चितेभोवती पाण्याचे मडके घेऊन फेऱ्या घालायच्या, त्याला भोके पाडायची आणि शेवटी ते मागे टाकून फोडायचे, हा विधी मोठ्यांसाठी. लहानग्याच्या वाट्याला माती येते, आणि बहुधा तिच्यावर खूणही राहत नाही.

केदारखेड्यासारख्या गावात जुन्या पिढीतल्या बायकांना मुले किती असे विचारले की उत्तर एका आकड्यात येत नसे. ‘झाली सात, राहिली चार’ असे त्या सांगत. आमच्या घरातही ते असेच सांगितले जाई. राहिलेल्या चारांची नावे, लग्ने, नोकऱ्या सर्व काही सांगितले जाई. उरलेल्या तिघांविषयी कोणी विचारीत नसे आणि त्याही सांगत नसत. त्यांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. लहानपणी आम्हांला ते उत्तर गणितासारखे वाटे. वजाबाकी झाली, विषय संपला. इनामगावचा अहवाल वाचताना प्रथमच लक्षात आले की त्या वाक्याचा पहिला आकडा सांगण्याची काहीच गरज नव्हती. विचारणाऱ्याला दुसऱ्याशीच कर्तव्य होते. तरीही त्या पहिला आकडा सांगत. प्रत्येक वेळी, न चुकता, आधी तोच.

इनामगावच्या लोकांनी ती मुले जमिनीखाली ठेवली आणि वरून सारवले. ज्या जमिनीवर ती जेवली, निजली, तिच्याखाली कोण आहे हे त्या घराला ठाऊक होते. ते का असे करीत, या प्रश्नाला उत्खननशास्त्र अनेक उत्तरे देते आणि देत राहील. आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाने त्यांतले एखादे उत्तर घाईने उचलून त्याचे काव्य करू नये. त्याने आधी मांडणी नीट पाहावी : काय साधे होते, काय उत्तम होते, काय काढून घेता येत असून काढले नाही. वाङ्मयाच्या वर्गात आपण शब्दांच्या बाबतीत नेमके हेच शिकवतो.

आणि पांढरीची माती गाडीत भरली जाताना तिच्यातून कधी तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी निघालीच, तर फावडे थोडा वेळ थांबावे. मडके फुटले तर फार काही मौल्यवान हाती लागत नाही. आत सोने नसते. फुटते ते झालेल्यांची मोजणी करणारे एक वाक्य.